मुंबईच्या कोटांतील हिरवळ : बॉम्बे ग्रीन ते हॉर्निमन सर्कल

मुंबईच्या जुन्या कोटांत, टाऊन हॉलच्या पायऱ्यांसमोर, सुमारें अडीच एकरांची एक वर्तुळाकार बाग आहे. तिच्या पूर्वेस टाऊन हॉल, पश्चिमेस सेंट टॉमसचें ख्रिस्ती देवालय, आणि कडेनें एकाच घाटाच्या कमानदार दगडी इमारती, अशी तिची मांडणी आहे. पूर्वीं तिला एलफिन्स्टन सर्कल म्हणत. स्वातंत्र्यानंतर हॉर्निमन सर्कल हें नांव रूढ झालें. सभोंवार पेढ्या, बँका व कचेऱ्या यांची एवढी दाटी असतां, आणि जेथें हातभर जमिनीसही मोल आहे अशा ठिकाणीं, मध्येंच ही झाडांची जागा कशी राहिली हा प्रश्न तेथून जाणाऱ्या मनुष्यास क्वचितच पडतो. इतिहासाच्या अभ्यासकांनींही त्याकडे म्हणावें तसें लक्ष दिलेलें नाहीं. इंग्रज लोक स्वभावतःच उद्यानप्रिय, त्यांनीं आपल्या सोयीसाठीं बाग केली, एवढ्यावर बहुधा हा विषय संपविला जातो.

या जागेची पूर्वपीठिका क्रमानें लावून पाहतां हा समज टिकत नाहीं. कोटाच्या आंत व बाहेर ज्या मोकळ्या जागा राहिल्या, त्या उद्यानप्रीतीनें राहिल्या नसून त्यांपैकीं मोठी जागा तर निव्वळ धास्तीनें राहिली, आणि ती धास्ती मुख्यतः मराठ्यांची होती. आंतील लहान जागा प्रथम कापसानें व्यापली, नंतर म्युनिसिपालिटीच्या जमाखर्चांतून सुटली. हें कसें घडलें तें दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

आरंभीं एका जुन्या बागेची आठवण केली पाहिजे. टाऊन हॉलच्या पाठीमागें, बंदराच्या कांठीं, इंग्रजांचा जो किल्ला होता, त्या जागीं पोर्तुगीज अमदानींत एक वाडा व त्याभोंवतीं बाग होती. मुंबई बेट ज्यानें सोळाव्या शतकाच्या मध्यास पोर्तुगीज सरकारापासून मक्त्यानें घेतलें होतें त्या गार्सिया द ओर्ता नामक वैद्याचा हा वाडा, अशी समजूत आहे. ओर्ता हा साधा मक्तेदार नव्हता. हिंदुस्थानांतील औषधि वनस्पतींवरील त्याचा संवादरूप ग्रंथ गोव्यास १५६३ मध्यें छापला गेला. आपल्या देशांत मुद्रणकला नुकतीच उतरली होती त्या काळचा हा ग्रंथ असल्यामुळें ग्रंथसंग्राहकांस त्याचें महत्त्व वेगळें सांगावयास नको. आंब्याच्या प्रकरणांत त्यानें मुंबईंतील आपल्या मालकीच्या एका आंब्याचा उल्लेख केला असून तें झाड वर्षांतून दोनदां फळतें असें म्हटलें आहे.

पुढें १६६१ च्या विवाह-तहानें मुंबई इंग्लंडच्या राजाकडे गेली, व १६६८ त राजानें ती सालिना दहा पौंड खंडावर ईस्ट इंडिया कंपनीस दिली. पांच वर्षांनीं डॉक्टर फ्रायर हा प्रवासी मुंबईस आला. त्यानें लिहून ठेविलें आहे कीं, या वाड्याभोंवतालची बाग साऱ्या हिंदुस्थानांत रमणीय म्हणून गाजलेली होती, पण ती विलासाच्या उपयोगाची, शत्रूस तोंड देण्याच्या नव्हे. म्हणून इंग्रजांनीं तिच्या जागीं तट-बुरूज उठविले. म्हणजे इंग्रज अमलाची या ठिकाणची पहिली कामगिरी बाग मोडण्याची होय. हें मुद्दाम नमूद करण्याचें कारण असें कीं, उद्यानप्रीतीचा जो सिद्धांत वर सांगितला त्यास येथेंच पहिला छेद बसतो.

किल्ल्याच्या पश्चिमेस जें पटांगण राहिलें त्यास 'ग्रीन' हें नांव पडलें. इंग्लंडांतील खेड्यांत वस्तीच्या मध्यें गवताची एक सामाईक जागा असते, तीस तिकडे ग्रीन म्हणतात. आपल्याकडे गायरान गांवाच्या शिवेजवळ असतें व चावडीपुढचें पटांगण गांवांत असतें; इंग्रजी ग्रीन हें या दोहोंच्या मधलें कांहीं तरी समजावें. मुंबईच्या ग्रीनवर हिरवें किती होतें याविषयीं शंकाच आहे, कारण पुढील सर्व वर्णनांत तेथील धुळीचाच बोलबाला आहे. ग्रीनच्या कडेस सेंट टॉमसच्या देवालयाचा पाया ऑंजिअरच्या कारकीर्दींत, १६७६ मध्यें, घातला गेला. पण भिंती अर्ध्यावर राहून चाळीस वर्षें तशाच उभ्या होत्या, आणि तें पुरें होऊन १७१८ च्या नाताळांत उघडलें. त्याच सुमारास गव्हर्नर बून याच्या वेळीं सबंध वस्तीभोंवतीं तट बांधण्यांत आला. तटास तीन मुख्य दरवाजे होते: अपोलो, बझार व चर्च. यांतील तिसऱ्याचें नांव या देवालयावरून पडलें, आणि दरवाजा जाऊन दीडशें वर्षें लोटलीं तरी चर्चगेट हें नांव रोज लक्षावधि लोकांच्या तोंडीं आहे.

आतां कोटाबाहेरच्या जागेकडे वळूं. आज आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल व कूपरेज या नांवांनीं ओळखल्या जाणाऱ्या जागा म्हणजे एकाच विस्तीर्ण पटांगणाचे तुकडे होत. या पटांगणास इंग्रज लोक एस्प्लनेड म्हणत. तें कां निर्माण झालें याचा उलगडा मुंबईच्या कागदांत शोधण्यापेक्षां वसईच्या मोहिमेंत शोधावा लागतो. १७३७ मध्यें मराठे साष्टींत शिरले, ठाणें गेलें, आणि मे १७३९ मध्यें चिमाजी अप्पांनीं वसई घेतली. मुंबईच्या इंग्रजांची त्या वेळीं काय अवस्था झाली हें त्यांच्या वकिलातींवरूनच दिसतें. त्यांनीं कॅप्टन इंचबर्ड यास वसईकडे चिमाजी अप्पांच्या भेटीस व कॅप्टन गॉर्डन यास साताऱ्यास शाहू छत्रपतींकडे धाडिलें, आणि जुलैमध्यें तह करून घेतला. परंतु तहावर विसंबून राहण्यासारखा तो काळ नव्हता. तटाभोंवतीं खंदक खणण्याचें काम हातीं घेण्यांत आलें व तें १७४३ च्या सुमारास पुरें झालें. या कामास मुंबईच्या देशी व्यापाऱ्यांनीं तीस हजार रुपये वर्गणी दिली.

हे तीस हजार रुपये फार बोलके आहेत. मराठ्यांच्या विजयानें ज्यांच्या पोटांत गोळा उठला ते केवळ टोपीकर नव्हते. ज्यांची पुंजी कोटांत होती ते सर्व त्या भीतीचे वांटेकरी होते. आपल्याकडे वसईच्या विजयाचें वर्णन करतांना ही बाजू सहसा मनांत येत नाहीं. कै. गोविंद सखाराम सरदेसाई यांनीं संपादिलेल्या पेशवे दप्तराच्या पंचेचाळीस खंडांत या मोहिमेचे कागद विपुल आहेत, य. न. केळकर यांनीं तिच्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला आहे. पण तेथें साहजिकच कथा वसईच्या तटाशीं संपते. मुंबईच्या भूमीवर त्या विजयाचा जो ठसा उमटला तो कथेंत येत नाहीं.

तो ठसा असा. खंदकाबरोबरच तोफांच्या माऱ्यास अडथळा नको म्हणून तटाबाहेरचीं माडांचीं झाडें तोडण्यास व घरें पाडण्यास आरंभ झाला. पुढें फ्रेंचांच्या भयानें हा पट्टा रुंदावला. १७ फेब्रुवारी १८०३ च्या भयंकर आगींत कोटांतील वस्तीचा मोठा भाग जळून खाक झाला, त्यानंतर तो आणखी रुंदावला व देशी वस्ती पटांगणाच्या पलीकडे, उत्तरेस, जाऊन बसली. मराठ्यांखेरीज इतरही कारणें पुढें मिळालीं हें खरें. तथापि पहिली कुऱ्हाड वसईच्या वार्तेनें उचलली गेली यांत संशय नाहीं. मौज अशी कीं, झाडें तोडून केलेली ही जागा आज शहराची सर्वांत मोठी हिरवळ म्हणून नांवाजली जाते.

१८१८ नंतर मराठ्यांचें भय उरलें नाहीं. तट व खंदक मात्र आणखी चाळीस-पंचेचाळीस वर्षें निरुपयोगी होऊन उभे राहिले. खंदक दुर्गंधीचें आगर झाला. पटांगणाचा उपयोग आतां पलटणींची कवाईत, साहेबलोकांचें पावसाळ्यापूर्वींचें तंबूंतलें राहणें, आणि गुरें चारणें यांसाठीं होऊं लागला. लोकांच्या दृष्टीनें तें मुंबईचें गायरानच होतें. पण गायरानास गांवच्या दप्तरांत जसा आधार असतो तसा त्यास नव्हता. जमीन लष्कराची, तेव्हां सरकारनें चराईवर पट्टी बसविली, आणि गरीब गुराखी अडचणींत आले. त्या वेळीं, १८३८ त, जमशेटजी जिजीभाई यांनीं ठाकुरद्वाराजवळ समुद्रकांठीं वीस हजार रुपयांची गवताळ जमीन स्वतः विकत घेऊन ती गुरांस मोफत मोकळी केली, अशी हकीकत सांगतात, व त्या चरणीवरून चर्नी रोड हें नांव पडलें असें मानतात. शेपर्ड यानें मुंबईच्या स्थलनामांवरील आपल्या १९१७ च्या पुस्तकांत दुसरीही व्युत्पत्ति नोंदविली आहे. ती अशी कीं, ठाण्याजवळच्या चेंदणी गांवचे लोक गिरगांवांत येऊन राहिले, त्यावरून हें नांव आलें. आम्हांस पहिली व्युत्पत्ति अधिक ग्राह्य वाटते. दुसरी खरी ठरली तरी जमशेटजींच्या दानास त्यानें बाध येत नाहीं; सार्वजनिक उपयोगासाठीं मोकळी जमीन पैसे मोजून राखण्याची कल्पना मुंबईंत एलफिन्स्टन सर्कलच्या आधीं वीसपंचवीस वर्षें एका देशी व्यापाऱ्यास सुचली होती, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

कोटाच्या आंतील ग्रीनची कथा निराळी. तेथें गवताऐवजीं कापूस आला. गुजराथ-काठेवाडचा कापूस गलबतांनीं, वऱ्हाड-खानदेशचा बैलांच्या पाठीवरून घाट उतरून मुंबईस येई, व चीन आणि विलायत येथें चढविण्यापूर्वीं ग्रीनवर त्याच्या गांठींच्या राशी पडत. या राशींमध्यें घुमटीखालीं लॉर्ड कॉर्नवॉलिसचा संगमरवरी पुतळा उभा होता. त्यास देव समजून लोक फुलें व नारळ वाहूं लागले आणि हा देव नव्हे असें समजाविण्याची सरकारवर पाळी आली, अशी हकीकत जुन्या इंग्रज लेखकांनीं थट्टेनें दिली आहे. थट्टेचा भाग सोडला तरी तिजवरून एवढें दिसतें कीं, ग्रीनवर साहेबांइतकाच हमाल, गाडीवान व अडत्ये यांचा राबता होता, आणि तेथें वावरण्यास त्यांस कोणी अटकाव करीत नसे.

१८३३ त कर्नल कौपर याच्या आराखड्याप्रमाणें टाऊन हॉल पुरा झाला. १८०४ त सर जेम्स मॅकिंटॉश यानें काढलेली साहित्यसभा, म्हणजेच पुढची एशियाटिक सोसायटी, आपल्या ग्रंथांसह व हस्तलिखितांसह तेथें राहण्यास आली. अशा इमारतीच्या दारांत कापसाचे ढीग व त्यांतून उडणारी तूस शोभेना. शिवाय आगीचें भय होतेंच. १८४४ त कापसाचा बाजार कुलाब्यास हलविण्यांत आला. येथें एक नामविषयक गंमत नोंदवून ठेवतों. बाजार गेला तो आपल्याबरोबर 'ग्रीन' हें नांवही घेऊन गेला. कुलाब्याच्या वखारीच्या आवारास कॉटन ग्रीन म्हणूं लागले. आणि विसाव्या शतकांत तो बाजार शिवडीकडे गेला तेव्हां नांवही तिकडे चालतें झालें. आज हार्बर मार्गावर कॉटन ग्रीन नांवाचें स्टेशन आहे. त्या नांवाचें मूळ टाऊन हॉलपुढच्या धुळकट पटांगणांत आहे हें तेथें उतरणाऱ्यांपैकीं फारच थोड्यांस ठाऊक असेल.

कापूस गेल्यावर ग्रीन ओसाड झालें. टाऊन हॉलजवळच्या वडाखालीं रोख्यांचे दलाल १८५० नंतर जमूं लागले. त्यांचीच पुढें १८७५ त रीतसर मंडळी बनून आजचा शेअरबाजार झाला. बाकी पटांगण म्हणजे धूळ, केरकचरा व भटकीं गुरें. अशा स्थितींत या जागेवर चार्लस फोर्जेट याची दृष्टि गेली.

फोर्जेट हा मुंबईच्या पोलिसांचा मुख्य होता. त्याचा जन्म हिंदुस्थानांतलाच. देशी भाषा त्यास उत्तम अवगत होत्या, आणि वेष पालटून तो वस्तींत हिंडे. १८५७ त मुंबईच्या पलटणींतील कट त्यानेंच हुडकून काढला, आणि १५ ऑक्टोबर १८५७ रोजीं हवालदार सैद हुसेन व शिपाई मंगल गडिया यांस एस्प्लनेडवर हजारों लोकांदेखत तोफेच्या तोंडीं देण्यांत आलें. तें पटांगण केवळ वाऱ्याचें व खेळाचें नव्हतें, सत्तेच्या दहशतीचेंही होतें, याची ही साक्ष होय. त्याच मनुष्यानें कोटाच्या आंतल्या पटांगणाची बाग करण्याची योजना मांडावी यांत कोणास विसंगति वाटेल. पण शहराची सफाई व शहराचा बंदोबस्त हीं दोन्हीं कामें त्या काळीं एकाच नजरेनें पाहिलीं जात. १८५८ च्या कायद्यानें शहराचा कारभार तीन कमिशनरांच्या मंडळाकडे आला होता, व फोर्जेट त्या मंडळांत होता. गव्हर्नर लॉर्ड एलफिन्स्टन यानें त्याची योजना उचलून धरली, व १८६२ त आलेल्या सर बार्टल फ्रिअरनें ती तडीस जाऊं दिली.

येथें एक खुलासा अवश्य आहे. एलफिन्स्टन म्हटलें कीं आपल्या वाचकांच्या डोळ्यांसमोर बाजीरावाच्या दरबारचा रेसिडेंट व पुढें १८१९ ते १८२७ पर्यंत मुंबईचा गव्हर्नर असलेला मौंटस्टुअर्ट एलफिन्स्टन उभा राहतो. सर्कलास नांव त्याचें नव्हे, तर त्याचा पुतण्या, तेरावा लॉर्ड, जॉन एलफिन्स्टन याचें आहे. हा १८५३ ते १८६० पर्यंत गव्हर्नर होता. दोघांची गल्लत छापील पुस्तकांतही आढळते.

योजनेचें मर्म तिच्या पैशांत आहे. कमिशनरांनीं ग्रीनची सबंध जागा विकत घेतली. कडेच्या भागाचे इमारतींसाठीं तुकडे पाडले. ते मोठ्या नफ्यानें इंग्रज पेढ्यांस विकले. आणि मधलें वर्तुळ न विकतां राखून ठेविलें. इमारतींची दर्शनी बाजू एकसारखी, खालीं कमानींची पडवी, असा नियम असल्यामुळें पावसांत व उन्हांत पायीं चालणारास कडेकडेनें आडोसा मिळाला. काठ विकून मध्य राखावयाचा, अशी ही युक्ति आहे. बागेमुळें काठच्या जमिनीस भाव आला, व त्या भावानें बागेचा खर्च भागला. शहराच्या तिजोरीस तोशीस न लागतां झालेलें असें सार्वजनिक काम विरळा. त्याच काळीं युरोपांत व्हिएन्ना शहरीं हाच विचार फार मोठ्या प्रमाणावर चालला होता. बादशहा फ्रान्झ जोसेफ यानें डिसेंबर १८५७ त तेथील तट पाडण्याचा हुकूम दिला, आणि तटापुढच्या मोकळ्या पट्ट्यांतील जमीन विकून आलेल्या पैशांतून सरकारी इमारती, रस्ते व बागा केल्या. तेथेंही तो पट्टा तुर्कांच्या वेढ्यांच्या धास्तीनें मोकळा राखला गेला होता. मुंबईचा कोट व मराठे, व्हिएन्नाचा तट व तुर्क, ही जोडी वाचकांनीं ताडून पाहावी.

मुंबईच्या विक्रीस जो भाव आला त्यास मात्र आणखी एक कारण होतें. १८६१ त अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें, लँकेशायरच्या गिरण्यांस तिकडचा कापूस मिळेनासा झाला, आणि मुंबईच्या कापसास सोन्याचें मोल आलें. खानदेश-वऱ्हाडच्या शेतांत पिकलेल्या मालाचा पैसा मुंबईंत लोटला, आणि त्याच पैशाच्या भरतींत ग्रीनच्या काठचे तुकडे विकले गेले. ज्या कापसाच्या गांठी वीस वर्षांपूर्वीं या पटांगणांतून हांकून लावल्या होत्या, त्याच्याच नफ्यावर पटांगणाची बाग झाली. फ्रिअरनें १८६२ पासून तट पाडण्याचें काम सुरू केलें होतें, व १८६५ पर्यंत तें बव्हंशीं उरकलें. १८६५ च्या वसंतांत अमेरिकन युद्ध संपलें, जुलैमध्यें मुंबईच्या सट्ट्याचा डोलारा कोसळला, पेढ्या बुडाल्या. सर्कलाच्या काठची विक्री त्यापूर्वीं झाली होती, हें दैवच म्हणावयाचें; दोनचार वर्षें उशीर होता तर मधलें वर्तुळ राखण्याची ऐपत म्युनिसिपालिटीस राहिली असती कीं नाहीं याची शंका आहे. बागेची आंखणी १८६९ त होऊन ती १८७२ त पुरी झाली. मध्यें शोभेचें कारंजें, चारी अंगांनीं पायवाटा, भोंवतीं लोखंडी गज.

या गजांपाशीं थोडें थांबलें पाहिजे. पूर्वींच्या धुळकट ग्रीनवर हमाल व गाडीवान मोकळेपणें येत, कॉर्नवॉलिसच्या पुतळ्यास नारळ फोडीत. बाग झाली ती भोंवतालच्या इंग्रज पेढ्यांच्या खिडक्यांपुढें, गजांच्या आंत. पटांगण सुंदर झालें यांत वाद नाहीं. तें अधिक सार्वजनिक झालें काय, याचें उत्तर तितक्या सहज देतां येत नाहीं. सर दिनशा वाच्छा यांनीं १८६० ते १८७५ पर्यंतच्या मुंबईच्या आठवणी १९२० त इंग्रजींत पुस्तकरूपानें प्रसिद्ध केल्या आहेत. हें स्थित्यंतर त्यांनीं तरुणपणीं डोळ्यांनीं पाहिलें होतें. त्यांचें पुस्तक या बाबतींत अवश्य पाहावें. देशी वस्तीच्या जवळची मोठी बाग म्हणजे भायखळ्याची, जी लोक राणीचा बाग म्हणूं लागले, ती १८६२ त लेडी फ्रिअरच्या हस्तें उघडली गेली. तिच्याशीं व तिच्या आवारांतील पदार्थसंग्रहालयाशीं जगन्नाथ शंकरशेट व डॉक्टर भाऊ दाजी यांचा निकट संबंध होता. पण ती शहराच्या तेव्हांच्या टोंकास. गिरगांव, भुलेश्वर, मांडवी येथील दाट वस्तीच्या पोटांत सर्कलासारखें वर्तुळ कोणीं राखलें नाहीं, कारण तेथें काठ विकून नफा मिळण्याजोगी सरकारी जागाच नव्हती.

म्हणून देशी मुंबईकरांचा मोकळ्या जागेसाठींचा खरा झगडा कोटाबाहेरच्या पटांगणावर झाला. तेथें पारशी व हिंदु तरुण क्रिकेट खेळत. १८७७ च्या सुमारापासून युरोपियन लोक त्याच गवतावर पोलो, म्हणजे आपलें जुनें चौगान, खेळूं लागले, आणि तट्टांच्या टापांनीं जमीन उखडून चेंडू टप्पा घेईनासा झाला. १८८१ त शेंकडों खेळाडूंच्या सहीचा अर्ज गव्हर्नराकडे गेला. निकाल कधीं इकडे कधीं तिकडे झुकला; अखेर समुद्राकडील भरावाच्या पट्ट्यावर पारशी, मुसलमान व हिंदु यांच्या जिमखान्यांस निरनिराळ्या जागा मिळाल्या. राजकीय सभांच्या पूर्वींचे असे अर्ज आमच्या इतिहासलेखनांत खेळाच्या सदरांत पडून राहतात. वस्तुतः शहराच्या मध्यावरील गवतावर कोणाचा हक्क, हा त्यांतील प्रश्न होता, आणि तो स्पष्ट शब्दांत मांडणारे ते पहिल्यांपैकीं होत.

एस्प्लनेडचा काठही पुढें विकला व बांधला गेलाच. सचिवालय व विद्यापीठाचें सभागृह १८७४ त, हायकोर्ट व राजाबाई टॉवर १८७८ त उभे राहिले. त्यांच्या समोर ओव्हल राहिलें. पश्चिमेस समुद्र हटवून विसाव्या शतकाच्या चवथ्या दशकांत नव्या घाटाच्या इमारतींची रांग झाली. या दोन रांगा व मधलें मैदान मिळून जो समूह होतो त्यास ३० जून २०१८ रोजीं युनेस्कोनें जागतिक वारशाच्या यादींत घातलें. चिमाजी अप्पांच्या भयानें जी जागा उजाड केली, तिची ही आजची प्रतिष्ठा.

सर्कलाचें नांव बदललें तें बेंजामिन हॉर्निमन याच्यावरून. सर फिरोजशहा मेहता यांनीं १९१३ त काढलेल्या बॉम्बे क्रॉनिकल पत्राचा हा संपादक. हिंदी लोकांच्या बाजूनें लिहितो म्हणून सरकारनें त्यास एप्रिल १९१९ त हद्दपार केलें होतें. १९४८ त तो मुंबईस वारला. पुतळ्यांपैकीं कॉर्नवॉलिसचा पुतळा आतां भायखळ्यास डॉक्टर भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारांत आहे. त्यास आतां कोणी नारळ फोडीत नाहीं.

आतां संग्राहकांस उद्देशून दोन शब्द. गोविंद नारायण माडगांवकर यांचें मुंबईचें वर्णन १८६३ त छापलें गेलें, म्हणजे तट पडत असतां व सर्कल उठत असतां. त्याची मूळ आवृत्ति ज्यांच्याकडे असेल त्यांनीं ती जपावी. नव्या शहराच्या नकाशाबरोबर तिच्यांतील वर्णन ताडून पाहणें उद्बोधक होईल. आचार्य व शिंगणे यांचा मुंबईचा वृत्तांत १८८९ चा. तो पंचवीस वर्षांनंतरचें चित्र देतो. या दोहोंच्या मधल्या काळचीं मराठी वर्तमानपत्रें, म्युनिसिपालिटीच्या जाहिराती व कडेच्या तुकड्यांचीं खरेदीखतें हीं या विषयाचीं अस्सल साधनें होत. आणखी एक साधन मुंबईबाहेर आहे. नंदुरबार, तळोदें, अक्कलकुवें, खापर या बाजूस व सबंध तापीकांठीं ज्या घराण्यांत कापसाचा व्यापार पिढीजाद चालत आला, त्यांच्या मोडी रोजकीर्दी व खतावण्या माळ्यावर पडलेल्या असतात. मुंबईच्या अडत्यांशीं झालेल्या देण्याघेण्याच्या नोंदी त्यांत आढळल्यास, विशेषतः १८४४ पूर्वींच्या व १८६१ ते १८६५ पर्यंतच्या, त्यांच्या नकला वर्षाचा शक, पानाचा अंक व वहीच्या मालकाची संमति यांसह मंडळाकडे पाठवाव्या. मूळ वही टपालानें पाठवूं नये.